पाण्याच्या वेळेचे गट

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला सर आले, हजेरीपट उघडला आणि कुणाचंही नाव न पुकारता पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

हा मशीन डिझाइनमधलाच काहीतरी प्रश्न असेल असं समजून तो बिचारा वही चाळायला लागला.

"अरे, घरी. नळाला."

"पावणेसहाला, सर. सकाळी."

"भरतं कोण?"

"आई. आणि मी."

सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं बघितलं. मुलगा खाली बघायला लागला. मग वहीत लिहिता लिहिता सर मोठ्याने म्हणाले, "पावणेसहा. आई."

असं बेचाळीस जणांचं झालं. तास संपला तेव्हा आमच्यापैकी एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं. पण कुणाकडे पिंप आहे, कुणाकडे टाकी आहे, पाण्यापायी कुणाची बहीण रोज शाळेत उशिरा पोचते, हे सगळं त्यांच्या वहीत उतरलं होतं. मला हा माणूस चक्रम वाटला. पुढे त्यांच्याविषयीची माझी बरीच मतं बदलली, हे एक मात्र बदललं नाही.

आमचं पॉलिटेक्निक उल्हासनगरात होतं. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. वर्गात कॅम्पांमधली सिंधी मुलं होती, अंबरनाथची कामगारांची मुलं होती, बदलापूरची होती, आणि एखाददुसरा बारवी धरणाकडच्या पाड्यांतून यायचा. पाणी प्रत्येकाकडे वेगळ्या वेळी. वर्षानुवर्षं पोरांना विचारून सरांनी त्याचा एक तक्ता बनवला होता आणि तो वर्कशॉपच्या दारामागे लावलेला असायचा. कुठल्या गल्लीत किती वाजता, किती जोरात, कुठल्या वारी दांडी, सगळं त्यात. कॉलेजचा शिपाई घरी निघण्याआधी तो तक्ता बघून जायचा. कँटीनवाला तर रोज बघायचा. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या घरून फोन यायचा, "सरांना विचारा हो, आज आमच्याकडे येणार का?" सर शिकवणं थांबवून निरोप धाडायचे, "संध्याकाळी येईल. बारीक येईल. आधी पिण्याचं भरून घ्या म्हणावं." मग खडू उचलून, अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे.

बदलापूरला ते एकटे राहायचे. लग्न का नाही केलं असं एका आगाऊ पोराने विचारलं होतं, तर म्हणाले, "पसंती विचारतात तिथे मी जात नाही." वर्कशॉपमधल्या सगळ्यात जुन्या लेथला ते 'आजोबा' म्हणायचे. लेथला तेल न देता कुणी काम सुरू केलं की "आजोबांना उपाशी ठेवलंस?" म्हणून त्याला मशीनसमोर हात जोडून उभं करायचे. प्रिन्सिपॉलना मात्र त्यांनी कधी हात जोडल्याचं कुणी पाहिलं नाही.

आता मुद्द्याचं. प्रोजेक्टचे गट सगळ्याच कॉलेजांत पडतात. पोरं आपापसात जमवतात, यादी देतात, सर डोळे मिटून सही करतात. दुसरं वर्ष संपत आलं की आमच्याकडेही त्या सोयरिकी सुरू व्हायच्या. एरवी ज्यांना कुणी विचारत नसे, त्या अभ्यासू मुलांना अचानक वडापाव मिळायला लागायचे. ज्याचं अक्षर चांगलं त्याला रिपोर्ट लिहायला मागणी, आणि ज्याच्या काकाचं स्वतःचं वर्कशॉप त्याला तर पायघड्या. पण हा सगळा खटाटोप आमच्या सरांपाशी येऊन फुकट जायचा. ते यादी घ्यायचेच नाहीत. "मित्र आपण निवडतो," ते म्हणायचे. "कामातला जोडीदार वाट्याला येतो. जन्मभर तसाच येणार आहे, आत्तापासून सवय करा."

गट ते पाडायचे पाण्याच्या वेळांवरून. तीन-तीन जणांचे. आणि गुण गटाला एकच. तोंडी परीक्षेला तिघांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्याच्या झाकणात टाकायच्या, एक काढायची, ज्याचं नाव निघेल त्याने सगळ्यांच्या वतीने उत्तरं द्यायची. तो तरला तर तिघं तरले. बाहेरून येणारे परीक्षक दरवर्षी तेच असत आणि त्यांना हा प्रकार फार आवडायचा.

वेळ जुळली की गट जुळतो, अशी पोरांची समजूत होती. त्यामुळे आमच्या आदल्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या सहाही जणांनी ठरवून "सकाळी सहा" सांगितलं होतं. सरांनी निमूटपणे लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला ते त्यातल्या एकाच्या दारात, हातात बादली. पोरगा अंथरुणात. नळ कोरडा ठणठणीत. सर म्हणाले, "असू दे, येईल." आणि बसले. आईने चहा दिला. मग पोहे दिले. वडिलांनी पेपर दिला. पोरगा आंघोळीवाचून कोपऱ्यात उभा. पाणी आलं अकराला. सरांनी स्वतः दोन बादल्या भरून दिल्या, पोह्यांबद्दल आईचे आभार मानले आणि निघून गेले. रागाचा एक शब्द नाही. ते सहाही जण सहा वेगळ्या गटांत गेले.

हे सगळं ऐकूनही मी तीच चूक केली. कारण माझी अडचण खरी होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्या वर्षीपासून मुलींनाही ट्रेनी म्हणून घेणार होते आणि अट फर्स्ट क्लासची होती. माझी गाडी दोन वर्षं अठ्ठावन्न टक्क्यांवर अडलेली. प्रोजेक्टचे गुण चांगले पडले तरच साठ गाठले जाणार होते. माझी मैत्रीण, वर्गातली दुसरी मुलगी, दरवर्षी पहिली यायची. तिच्या गटात शिरले की काम फत्ते. ती बदलापूरची, तिच्याकडे संध्याकाळी साडेसहाला पाणी. तेव्हा मीही ठोकून दिलं, "साडेसहा, सर. संध्याकाळी."

सरांनी पेन थांबवलं. "राहतेस कुठे?"

"अंबरनाथ."

"अंबरनाथला कुठे?"

"कारखान्याच्या वसाहतीत."

"तिथे चोवीस तास असतं."

अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. घरी हत्ती बांधलाय असं मी सांगितलं असतं तरी एवढे बघितले नसते. मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "आयला, चोवीस तास!" सरांनी वहीत माझ्या ओळीत एक आडवी रेघ मारली.

माझ्यानंतर हरेश होता. उल्हासनगरचा, तिसऱ्या मजल्यावर राहणारा. वडिलांचं चेनी-बटणांचं दुकान, थोरला भाऊ परगावी. "दुपारी तीन, सर. मैं ही भरता हूँ. मम्मीला कंबरेचा त्रास आहे ना." रोज अडीचला तो वर्गातून पळायचा, ते सिनेमाला जातो असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आणि अगदी शेवटी गुरुनाथ. बारवीकडच्या एका पाड्यावरून चालत, मग एसटी, मग पुन्हा चालत असा तो कॉलेजात यायचा. दोन वर्षांत वर्गात त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. सरांनी विचारलं तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडं पानी येत नाय, सर. आमच्याकडून जातं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर बोललास. बस."

आठ दिवसांनी यादी लागली. माझ्या गटात हरेश आणि गुरुनाथ. एकाचे मागच्या वर्षाचे दोन विषय राहिलेले, दुसरा तोंड उघडत नाही. आणि चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली तर माझा फर्स्ट क्लास गेलाच. मी यादीसमोर उभी राहून रडले. रागाने रडले, हे सांगायला हवं. माझ्या आईच्या मते मला दुसऱ्या कुठल्या कारणाने रडूच येत नाही.

तरातरा सरांकडे गेले. "सर, आमच्या तिघांच्या वेळा जुळत नाहीत."

"म्हणून तर टाकलं. वेळ जुळणारे तिघं एकत्र आणले तर तिघंही एकाच वेळी बादल्या घेऊन पळतील. मग काम कोण करेल?"

"पण मला तर कुठे पळावंच लागत नाही."

"म्हणजे तुला सबबच नाही," सर म्हणाले आणि आजोबांना तेल द्यायला गेले.

मी घरी जाऊन प्रिन्सिपॉलना अर्ज लिहिला. 'गट बदलून मिळण्याबाबत.' लिहिण्यात मी पटाईत. दीड पानात दोघांची पार पिसं काढली. प्रिन्सिपॉल अर्ज न वाचताच म्हणाले, "सरांच्या मार्फत द्या." आली पंचाईत. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच हातात द्यायची! पण मागे हटणाऱ्यांतली मी नाही. दिला. सरांनी तो उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला. "पोचला," म्हणाले. पुढे त्याचं काय झालं ते ना त्यांनी सांगितलं, ना मला विचारायचा धीर झाला.

सरांचा आणखी एक नियम होता. पहिल्या महिन्याभरात प्रत्येक गटाने एकदा तरी भांडायचं आणि भांडणाचं कारण कागदावर लिहून द्यायचं. "भांडण झालं नाही म्हणजे काम सुरूच झालेलं नाही." बहुतेक गट बसून भांडणं रचायचे. 'ध्येयाविषयी मतभेद', 'तत्त्वाचा प्रश्न' असलं काहीबाही लिहायचे. सर ते कागद परत करायचे. "हे खोटं आहे. खऱ्या भांडणाचं कारण एवढं मोठं नसतं." आमच्या कागदावर एकच शब्द होता, 'वॉशर'. तो त्यांनी ताबडतोब स्वीकारला.

वॉशरचं सांगायचं तर आधी पंपाचं सांगायला हवं. प्रोजेक्ट काय करायचा यावरून आमचं काही ठरत नव्हतं. एक दिवस अडीच वाजता सर मला म्हणाले, "आज तुझा तास हरेशच्या घरी." गुरुनाथलाही घेतलं. हरेशच्या आईने दारातच "अचो, अचो" म्हणत आम्हाला बसवलं आणि पाण्यासोबत भाजलेले पापड समोर ठेवले. सर पापड खात खात घड्याळ बघत होते. तीनला खाली नळ आला. हरेश दोन डबे घेऊन खाली पळाला, भरून तीन जिने चढून वर आला, ओतले, परत खाली. असं कितीतरी वेळा. सर बुशशर्टाच्या बाह्या वर सरकवून त्याच्या मागे. गुरुनाथ तर न सांगताच कामाला लागलेला. मलाही उठावं लागलं. दोन खेपांत माझे हात भरून आले आणि तिसऱ्या खेपेला मी जिन्यात बसले. हरेश बाजूने डबे घेऊन चढताना म्हणाला, "मॅडम, आप पापड खाओ. ये अपना रोज का है."

बसल्या बसल्या मीच म्हणाले, "पायाने चालवायचा पंप केला तर? वीज नको, काही नको. खालून थेट वर." गुरुनाथ डबे घेऊन माझ्यापाशी थांबला. "आमच्या इथं बी चालंल," तो म्हणाला. "ओढा खाली हाय, घरं वर." तीन वर्षांत त्याने माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

कामं आपोआप वाटली गेली. हरेशने उल्हासनगरातल्या भंगारवाल्यांकडून घासाघीस करून पाइप, सळ्या, जुन्या सायकलचे पायडल मिळवले. गुरुनाथने सगळं कापलं, घासलं, जोडलं. मी आकडेमोड केली, ड्रॉइंग काढलं, रिपोर्ट लिहिला आणि दोघांवर ओरडले. एकदा मी बाजारातून तयार रबरी वॉशर आणला. गुरुनाथने तो हातात घेतला, वाकवून बघितला, आणि एक शब्द न बोलता भंगारात टाकला. मग कुठल्याशा जुन्या चपलेचं चामडं कापून त्याची वाटी बनवायला बसला. मी एवढी भडकले की वर्कशॉपमधली सगळी मशिनं थांबली. तेच ते भांडण. त्या रबराने दोन दिवससुद्धा काढले नसते, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी ते कबूल केलं नाही.

पंपाची चाचणी घ्यायला पाणी लागतं आणि कॉलेजात नेमकं तेव्हा ते नसायचं. म्हणून दर रविवारी पंप हरेशच्या ओळखीच्या टेम्पोतून आमच्या वसाहतीत यायचा. आई दोघांना जेवायला घालायची. बाबा फिटर, ते पंपाभोवती घुटमळायचे आणि गुरुनाथच्या हाताचं एवढं कौतुक करायचे की मला राग यायचा. पंप आमच्या अंगणातल्या नळाजवळ असायचा आणि छान चालायचा. परीक्षेच्या आदल्या रविवारी गुरुनाथने तो पूर्ण खोलला, सगळे भाग गोणपाटावर मांडले आणि मला म्हणाला, "आता तू जोड."

मी कसाबसा जोडला. पायडल मारणार तोच त्याने नळ बंद केला आणि पंप गदागदा हलवून आतलं पाणी सांडून टाकलं.

"हे काय केलंस?"

"तिथं नळ नसनार. चालव."

मी पाय मारत राहिले. नुसती खडखड. पाण्याचा थेंब नाही.

"वरून तांब्याभर पानी घाल आधी," तो म्हणाला. "त्याला बी आधी पाजावं लागतं, मंग तो चढवतो. आन् वॉशर भिजवलास का? वाटीचं तोंड कुठं केलंस? वर पायजे."

माझा पारा चढला. "मला काय करायचंय हे? रिपोर्ट माझा, ड्रॉइंग माझं, आकडेमोड माझी. जोडायचं काम तुझं आहे ना?"

"लेकिन मॅडम," हरेश पेरू खात म्हणाला, "चिठ्ठी तुम्हारी निकली तो?"

"निघाली तर निघाली. मला सगळं पाठ आहे."

"पाठ हाय," गुरुनाथ म्हणाला. "पन येत नाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, अगदी हळू, "आमाला तुझ्याच चिठ्ठीची भीती हाय."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. सहा महिने मी त्याच्या नावाची चिठ्ठी निघू नये म्हणून देवाला हात जोडत होते, आणि हे दोघं माझ्या नावाची निघू नये म्हणून जोडत होते! आईने विचारलं काय झालं. मी म्हणाले, कांदा. आईने ओट्याकडे बघितलं, ओट्यावर कांदा नव्हता. ती म्हणाली, "बाहेर जा आणि ते काय म्हणतायत ते शीक." त्या दिवशी मी तो पंप सात वेळा खोलला आणि सात वेळा जोडला. आई हाका मारून थकली तरी जेवायला उठले नाही.

परीक्षेच्या दिवशी पंप कॉलेजच्या अंगणात मांडला. शेजारी पाण्याने भरलेला ड्रम, आणि पाइप दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत, तिथे रिकामी बादली. गॅलऱ्या पोरांनी भरलेल्या. टेबलामागे परीक्षक आणि प्रिन्सिपॉल, बाजूला सर. सरांनी डब्याचं झाकण पुढे केलं. परीक्षकांनी चिठ्ठी उचलली, उघडली आणि माझं नाव वाचलं.

हरेशने डोळे मिटून घेतले.

"पूर्ण खोला, परत जोडा आणि पाणी वर चढवून दाखवा," परीक्षक म्हणाले. "बाकीच्या दोघांनी हात मागे. तोंड बंद."

मी खोलला. वॉशर काढला, ड्रममध्ये भिजवला, वाटीचं तोंड वर करून बसवला. झडप बसवली, नट आवळले. पायडलवर चढले आणि मारायला लागले. खडखड. आणखी जोरात. खडखड. गॅलरीतली कुजबुज थांबली. फर्स्ट क्लास डोळ्यांसमोरून चालला होता आणि काय राहिलंय ते काही केल्या आठवेना. सरांकडे बघितलं. ते समोरच्या झाडाकडे बघत होते, जसं काही त्या झाडाचीच परीक्षा चालली होती. मग गुरुनाथकडे बघितलं. हात मागे, तोंड बंद, अगदी सांगितल्याप्रमाणे. त्याने फक्त ओठांवरून जीभ फिरवली. त्याला खरंच तहान लागली होती की काय, हे त्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

पाणी पाजायचं राहिलं होतं! ड्रम शेजारीच होता, त्यातून ओंजळभर घेता आलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला दिसतं ते दिसतं. मला परीक्षकांच्या पुढ्यातला भरलेला ग्लास दिसला. पायडलवरून उडी मारली, ग्लास उचलला, पंपात ओतला, परत चढले. दोन पायांना खडखड झाली, तिसऱ्याला आवाज बदलला, पायाला ओझं जाणवलं, आणि वरून पोरांचा असा काही गलका झाला की कँटीनवाला झारा घेऊनच धावत आला. दुसऱ्या मजल्यावरच्या बादलीत पाणी पडत होतं. हरेश हात मागे ठेवायचे विसरून नाचत होता.

"तो ग्लास माझा होता," परीक्षक म्हणाले.

"पंपाला जास्त तहान लागली होती," सर झाडाकडेच बघत म्हणाले.

निकाल लागला. मला एकसष्ट टक्के. हरेशचे राहिलेले विषयही सुटले, गुरुनाथ पास झाला. आम्ही तिघं पेढे घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. सरांनी एक पेढा घेतला, एक आजोबांवर ठेवला. मला मात्र पेढा गोड लागेना. त्या अर्जाचा काटा सलत होता. या दोघांसमोरच सांगून टाकावं म्हणून मी म्हणाले, "सर, मी एक अर्ज दिला होता. वर्षाच्या सुरुवातीला. या दोघांना माहीत नाही."

"कोणता ते सांग," सर म्हणाले. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक नाही, तीन कागद काढून टेबलावर ठेवले.

तिन्हींचा विषय एकच. गट बदलून मिळण्याबाबत. तिन्हींवर तारीख एकच. मी हरेशकडे बघितलं, हरेश गुरुनाथकडे, गुरुनाथ छताकडे.

"वाचा," सर म्हणाले. "ज्याचा त्याने. मोठ्याने."

हरेशने वाचला. 'सदर मॅडम फार चिल्लावतात आणि तिसरा मेंबर काही बोलतच नाही, तर मी बात कोणाशी करू?' गुरुनाथने वाचला. 'मुलगी हुशार आहे पण हाताला तेल लागू देत नाही. मुलगा अर्ध्यातून घरी जातो. मला माझ्यासारखा कोणीतरी द्यावा.' मग माझी पाळी आली. दीड पान. 'एकास विषय राहिले आहेत व दुसऱ्यास बोलता येत नाही. अशा सदस्यांमुळे माझे भवितव्य' इथपर्यंत वाचलं आणि पुढे मला वाचवेना. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. हरेशने कागद माझ्या हातातून घेतला, उरलेला स्वतः वाचला, माझ्या आवाजात, माझ्यासारखे हातवारे करून, आणि गुरुनाथ पोट धरून हसायला लागला. त्याला एवढं हसता येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मग मलाही राहवेना.

"अख्ख्या वर्गात कुठल्याच तिघांचं कशावरही एकमत नव्हतं," सर म्हणाले. "तुमचं पहिल्याच दिवशी झालं. असा गट मी कसा मोडणार?" मग ते एकदम कामकाजाच्या आवाजात म्हणाले, "पण अर्ज अजून निकाली निघालेले नाहीत. कागदावर काहीतरी व्हायला हवं. काय करायचं बोला."

खरं तर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कोर्स संपला होता. पंप हरेशच्या इमारतीखाली बसला होता, दुसरा गुरुनाथच्या पाड्यावर बसायचा होता. सोमवारपासून मी अंबरनाथच्या कारखान्यात, हरेश दुकानात, गुरुनाथ बदलापूरच्या एका वर्कशॉपमध्ये. गट असा कुठे राहिलाच नव्हता. तरी मी सरांकडून कोरा कागद मागून घेतला. लिहिण्याचं खातं माझंच होतं. या वेळी दीड पान लागलं नाही, एक ओळ पुरली. 'आधीचे तिन्ही अर्ज आम्ही मागे घेत असून आम्हाला याच गटात राहायचे आहे.' खाली तिघांच्या सह्या.

सरांनी कागद हातात घेतला. एका ओळीला किती वेळ लागावा, पण त्यांना बराच लागला.

"कधीपर्यंत ते लिहिलं नाहीस," ते म्हणाले.

त्यात काही भर न घालता मी पेनाला टोपण लावलं. सरांनी कागद टेबलावर सरळ केला आणि खाली लिहिलं, 'मंजूर.'